प्रतिसाद: फोटोपुरती मैत्री?

‘विद्यार्थ्यांची देवाणघेवाण म्हणजे फोटोपुरती मैत्री आणि हेरांना आयतं दार’ हे वरचं म्हणणं मला अर्धंच पटलं. जानेवारी १९५८ मध्ये अशा देवाणघेवाणीचा अमेरिका-सोव्हिएत करार झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जे मोजके सोव्हिएत विद्यार्थी पोचले, त्यांत ओलेग कालुगिन होता. केजीबीचाच, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचाच माणूस! म्हणजे दाराचं तुमचं बरोबर.

पण त्याच तुकडीत अलेक्सांद्र याकोवलेव्हही होते. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या न्यू डीलचा, म्हणजे महामंदीतून सावरण्याच्या कार्यक्रमाचा, अभ्यास करून परतले, ते काही अमेरिकेचे भक्त होऊन नव्हे. उलट पुढे तिच्यावर सडकून टीका करत राहिले. तरी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हच्या ग्लासनोस्तमागचं, म्हणजे खुलेपणाच्या धोरणामागचं, डोकं म्हणून नाव निघतं ते त्यांचंच. मधे पंचवीसेक वर्षं गेली, हेही खरं.