कळंबा जेल: शिक्षा का सुधारणा?

रंकाळाकर: अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कोल्हापूरच्या कळंबा जेलमधल्या कैद्यांनी वळलेत, म्हणजे हाताला काम मिळालं की माणूस बदलतोय. मग पुढं जेल कशासाठी पाहिजे, शिक्षेला का सुधारायला?

पेठकरी: भावा, आमच्यात चोरी झाली, आई अजून रात्री दोनदा उठून कडी बघत्या. शिक्षा पाहिजेच.

मळेकरी: आईंचं ऐकून लई वाईट वाटलं दादा, पण तो सुटून येणारच की, आणि काम नसलं तर परत कुणाचंतरी कुलूप फोडणार. आटपाडीकडं स्वतंत्रपूर बघा, औंध संस्थाननं १९३९ ला काढलेली खुली वसाहत, कैदी बायकापोरांसंगं राहून शेती करत्यात.

पेठकरी: पटतंय. पण त्याच्या मजुरीतनं आईला भरपाई मिळूदे.