ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? अनुभव लिहा

मिरजमळा (धागाकर्ता)
ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड पेमेंटला ओळख पटवायची दुसरी पायरी सक्तीची केली. तेव्हा वेगळा पासवर्ड असायचा, पुढे ओटीपी आला. एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत दोन पायऱ्या कायम, पण एसएमएसखेरीज इतर पर्यायांनाही वाव आहे. या सगळ्यात 'एक माणूस, एक फोन' हे धरून चाललेलं दिसतं. तुमच्या घरी तसं आहे? काय वापरता, काय टाळता, लिहा. 'आम्ही बुवा रोखीनेच' हे वेगळ्या धाग्यावर.

गोदाकाठ
आमच्याकडे नाही. आई नाशिकला, तिच्या आधारला आणि खात्याला नंबर भावाचा, भाऊ चाकणला कंपनीत. शॉपफ्लोअरवर फोन नेता येत नाही. आधारच्या कामाला गेली की सेवा केंद्रवाला म्हणतो, "मावशी, ओटीपी सांगा." आई मला फोन लावते, मी भावाला. तो जेवायच्या सुट्टीत लॉकर उघडेपर्यंत आधारच्या ओटीपीची दहा मिनिटं केव्हाच उलटलेली असतात. आता आई सुट्टीची वेळ बघूनच केंद्रात जाते. केंद्रवाल्यालाही पाठ झालंय, तो तिला म्हणतो, "बसा, दादांची सुट्टी होऊ दे."

सड्यावरचा
रत्नागिरीकडे या. ओटीपी यायला घरातून निघून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर जावं लागतं, रेंज तिथेच. पेमेंटचं पान घरच्या वायफायवर, मेसेज सड्यावर!

निवृत्त कॅशियर
"ओटीपी कुणालाही सांगू नका" हे मी काउंटरवरून वर्षानुवर्षं घोकलं. आणि आता? सिलिंडरवाला दारात कोड मागतो, रिक्षावाला मागतो, कुरिअरवाला मागतो. सगळे खरे, सगळ्यांना सांगायचाच असतो. मग बँकेच्या नावाने खोटा फोन आला की म्हाताऱ्या माणसाने नेमकं तिथेच तोंड मिटावं, ही अपेक्षा. फसलेल्याला बावळट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

फ्रँकफुर्टकर
भारतातलं सिम केवळ ओटीपीपुरतं जिवंत ठेवलंय, रिचार्ज संपला की बँक बंद. ऑफिसात मात्र ऑथेंटिकेटर अ‍ॅप. फोन आणि सर्व्हर यांच्याकडे आधीच एक सामायिक गुपित असतं. त्यावरून आणि घड्याळावरून दोघेही स्वतंत्रपणे तेच सहा आकडे काढतात. म्हणून रेंजची गरजच नाही. सड्यावरचा, तुमच्यासाठी हेच बरं. दर तीस सेकंदांनी आकडे बदलतात.

गोदाकाठ
तीस सेकंदांत आईचा चष्मासुद्धा सापडत नाही हो.

रानशेवगा
सासूबाईंचा अंगठा रेशनच्या मशीनवर उठत नाही. जन्म निंदणी-खुरपणीत गेला, रेषाच पुसट झाल्यात. शेवटी कार्डावर नाव असलेला नातू अंगठा लावून धान्य आणतो. ओटीपी नको, अंगठा नाहीतर चेहरा वापरा म्हणणाऱ्यांनी एकदा त्या रांगेत उभं राहावं.

मिरजमळा
गोदाकाठ, आईंचाच नंबर का नाही लावत?

गोदाकाठ
लावला होता. साधा बटणांचा फोन, मेसेज इंग्रजीत. शेजारची मुलगी वाचून द्यायची, म्हणजे खात्यात किती आले तेही गल्लीभर. आईनेच सांगितलं, भावाचा नंबर परत लाव.