'आन्सर'मधला मुका डब्ल्यू, आणि आपले उत्तर, जबाब, जाब

विचारणा : मुलगा सातवीत आहे. इंग्रजीच्या पेपरात 'आन्सर' लिहिताना त्याने डब्ल्यू गाळला आणि अर्धा गुण गेला. 'उच्चारायचा नाही तर लिहायचा कशाला?' हा त्याचा प्रश्न. त्या डब्ल्यूला काही अर्थ आहे का? शिवाय आन्सर, रिप्लाय, रिस्पॉन्स या तिन्हींना आपण सरसकट 'उत्तर'च म्हणतो, ते बरोबर आहे का?

उत्तर : अर्थ आहे, आणि फार मोलाचा आहे. मुलाला एकाखाली एक दोन शब्द लिहायला सांगा. वर 'स्वेअर', म्हणजे शपथ घेणे, आणि खाली 'आन्सर'. दोन्हींत एस आणि डब्ल्यू शेजारी शेजारी आहेत. 'आन्सर'च्या पोटात 'स्वेअर' बसलेला आहे. उच्चार झिजला, पण स्पेलिंगने खूण जपून ठेवली. तलवारीच्या 'सोर्ड'मध्येही डब्ल्यू असाच लिहायचा, पण बोलायचा नाही.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'आंडस्वारू' असा होता. 'आंड' म्हणजे समोरून, विरुद्ध. ग्रीकमधला 'अँटी' त्याचाच भाऊबंद. 'स्वारू' म्हणजे शपथेवर सांगितलेली गोष्ट. तेव्हा आन्सर म्हणजे मुळात आरोपाच्या विरोधात शपथेवर केलेलं निवेदन. त्या काळच्या इंग्लंडात कुणावर चोरीचा आळ आला की त्याने चारचौघांसमोर शपथ घेऊन तो नाकारायचा. एवढ्यावर भागत नसे. त्याच्या बाजूचे काही जण उभे राहून 'याची शपथ खरी आहे' अशी शपथ घेत. माणसाची पत जेवढी, तेवढं त्याच्या शपथेला वजन. पुढे हा अर्थ सैल होत गेला आणि साध्या प्रश्नाला जे सांगायचं तेही आन्सर झालं. पण 'आन्सर फॉर' म्हटलं की जुना अर्थ आजही वर येतो : केल्या कर्माचा जाब देणं.

इथे मला आपला 'जबाबदारी' हा शब्द आठवतो. 'जबाब' अरबी, 'दार' फारसी, म्हणजे बाळगणारा. ज्याच्याकडे जबाब आहे, ज्याला तो द्यावा लागतो, तो जबाबदार. स्वीडिश भाषेत 'स्वार' म्हणजे उत्तर आणि 'आन्स्वार' म्हणजे जबाबदारी. जर्मनमध्ये 'आंटव्होर्ट' म्हणजे उत्तर, शब्दशः 'समोरून आलेला शब्द', आणि त्याच्यावरूनच जबाबदारीसाठी 'फेरआंटव्होर्टुंग'. अरबी-फारसीच्या वाटेने आलेला आपला शब्द आणि युरोपातले हे शब्द एकमेकांना न विचारता एकाच जागी पोचले आहेत. ज्याला समोर उभं राहून उत्तर द्यावं लागतं, त्याच्यावरच भार असतो, हे या सगळ्या भाषा बोलणाऱ्यांना वेगवेगळं उमगलं होतं.

'जबाब'चा मराठीतला संसार मोठा आहे. हजरजबाबी, बेजबाबदार, तमाशातले सवाल-जबाब. पेशवाईतल्या पत्रांत वाटाघाटींना 'जाबसाल' म्हणत. त्यातला 'जाब' म्हणजे जबाब आणि 'साल' म्हणजे सवाल. तोच 'जाब' आज 'जाब विचारला' मध्ये उरला आहे. जरा थांबून बघा : जबाब द्यायचा असतो, पण जाब आपण विचारतो. उत्तर मागण्याचा हक्क एवढा ठाम, की उत्तराच्या नावालाच प्रश्नाचं काम लागलं. या एका प्रयोगासाठी मला मराठीचा फार अभिमान वाटतो.

ताजमहालातही एक 'जवाब' आहे. कबरीच्या पश्चिमेला मशीद आहे, आणि पूर्वेला थेट तशीच दिसणारी दुसरी इमारत. तिला 'जवाब'च म्हणतात, कारण ती मशिदीला समोरून जुळते, तोल सांभाळते.

आता 'उत्तर'. 'उद्' म्हणजे वर, त्याला 'तर' हा तुलनेचा प्रत्यय लागला की उत्तर, म्हणजे अधिक वरचं. 'तम' लागला की उत्तम. अंगावर वरून घ्यायचं ते उत्तरीय. काळाच्या बाबतीत वरचं म्हणजे नंतरचं : उत्तरार्ध, उत्तररात्र, उत्तरक्रिया. प्रश्नानंतर येतं ते उत्तर. ऐकायला साधं, पण हा शब्दही न्यायसभेतून फिरून आलेला आहे. धर्मशास्त्रात दाव्याचे चार पाद सांगितले आहेत : भाषा, उत्तर, क्रिया आणि साध्यसिद्धी. भाषा म्हणजे वादीची फिर्याद, उत्तर म्हणजे प्रतिवादीचं म्हणणं, क्रिया म्हणजे पुरावा. उत्तराचेही चार प्रकार : 'मिथ्या', म्हणजे घडलंच नाही, 'संप्रतिपत्ती', म्हणजे कबूल, 'प्रत्यवस्कंदन', म्हणजे घडलं खरं, पण त्याला कारण होतं, आणि 'प्राङ्न्याय', म्हणजे याचा निकाल आधीच लागलेला आहे. मराठेशाहीच्या निवाड्यांत वादीला अग्रवादी आणि प्रतिवादीला पश्चिमवादी म्हणत. आधी बोलणारा अग्र, मागून बोलणारा पश्चिम.

मी दिवाणी दाव्यांच्या कागदांचं भाषांतर करते, म्हणून हे चार प्रकार मला रोज भेटतात. प्रतिवादीच्या लेखी उत्तराला आपल्याकडे 'कैफियत' म्हणतात. अरबी 'कैफ' म्हणजे कसं. कैफियत म्हणजे कसं काय घडलं ते. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत ती द्यायची, आणि मुदत वाढवून मिळाली तरी साधारणपणे 90 दिवसांच्या आत. दाव्यातल्या कलमामागून कलम घेऊन लिहीत जायचं : 'सदरचा मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' नव्या माणसाला हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा का, असं वाटतं. पण जी गोष्ट स्पष्ट नाकारली नाही ती कबूल धरली जाऊ शकते, म्हणून प्रत्येक कलमाला नकार लागतो. शेवटच्या पानावर मजकूर खरा असल्याबद्दल सत्यापन, सही आणि सोबत प्रतिज्ञापत्र. समोरच्याचं म्हणणं, त्याला विरोध आणि खाली प्रतिज्ञा. 'आंडस्वारू'चं अस्सल मराठी रूप हवं असेल, तर ते मला या पानावर दिसतं.

पोलिसांनी नोंदवलेला 'जबाब' मात्र वेगळा. तपासात घेतलेल्या त्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत आणि तो शपथेवरही नसतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 161 आणि 162 कलम होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 180 आणि 181. न्यायालयात शपथेवर देतात ती साक्ष. पोलिसांचा 'जबाब' आणि कोर्टातली 'साक्ष' यांची बातम्यांत सरमिसळ होते, ती टाळायला हवी.

पुरवणी विचारणा : ताई, मग 'रिप्लाय' कुठून आला? त्यातही शपथ आहे का?

उत्तर : नाही, त्यात घडी आहे. लॅटिन 'प्लिकारे' म्हणजे दुमडणं, 'रि' म्हणजे परत. परत दुमडलं ते रिप्लाय. सुतार ज्याला नुसतं 'प्लाय' म्हणतो त्या प्लायवूडमधला प्लाय, थ्री-प्लाय लोकरीतला प्लाय, स्कर्टच्या प्लीट्स, 'रेप्लिका' आणि 'कॉम्प्लिकेटेड' ही सगळी याच घरातली.

घडी आणि उत्तर यांचा संबंध लांबचा वाटतो ना? मला तो जोडकार्डाने समजावला. दोन पोस्टकार्डं एकमेकांना जोडलेली, मधे घडी. एकावर आपण खुशाली लिहायची, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते कोरं ठेवायचं. पलीकडच्याने ते फाडून उत्तर लिहायचं आणि पेटीत टाकायचं. त्याला तिकिटाचा खर्च नाही. माझी आजी तिच्या भावाला अशी कार्डं पाठवायची, आणि शेवटी न चुकता लिहायची, 'उलट टपाली कळवणे.' मामा-आजोबांचं अर्धं कार्ड परत आलं की त्याची फाटलेली कड ती बोटाने चाचपायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण रिप्लायचा धात्वर्थ तिच्या बोटांखाली होता.

शपथ हवी असेल तर ती 'रिस्पॉन्स'मध्ये आहे. लॅटिन 'स्पाँडेरे' म्हणजे वचन देणं. रोमन करारात एकाने विचारायचं, 'स्पाँदेस्ने?', वचन देतोस? दुसऱ्याने म्हणायचं, 'स्पाँदेओ', देतो. की करार पक्का. दिलेल्या वचनाला वचनानेच जागणं तो रिस्पॉन्स. स्पॉन्सर आणि जोडीदाराला म्हणतात तो स्पाउज, दोघंही याच वचनातले. 'रिस्पॉन्सिबल'ही. म्हणजे जबाबदारी इथेही उत्तराच्या पाठोपाठ आलीच.

आता वापराबद्दल. गणिताचं असतं ते आन्सर, पत्राला देतो तो रिप्लाय, आवाहनाला मिळतो तो रिस्पॉन्स. मराठीत पहिल्या दोन्हींना उत्तर चालतं, कारण 'गणिताचं उत्तर आलं' आणि 'पत्राचं उत्तर आलं' यांत आपला कधी घोटाळा होत नाही. तिसऱ्याला 'प्रतिसाद' हवा. त्यात साद आहे, म्हणून तो हाकेला आणि आवाहनालाच शोभतो. नोटिशीला प्रतिसाद दिला असं वाचलं की मला खटकतं. नोटिशीला उत्तर देतात. मुलाला एवढंही सांगून ठेवा की इंग्रजी क्रियापद 'रिप्लाय'मागे 'टू' लागतो, पण 'आन्सर द क्वेश्चन' म्हणताना लागत नाही. आपण 'प्रश्नाला' म्हणतो, म्हणून तिथे हमखास 'टू' घुसतो आणि आणखी अर्धा गुण जातो.

आणि प्रत्येक आन्सर म्हणजे उत्तर नव्हे. फोन उचलतात. बेल वाजली की दार उघडतात. मोठ्यांना उलटून बोललं की ते उलट उत्तर. नावाने हाक मारली की 'ओ' देतात. 'मी मघापासून हाका मारतेय, ओ का देत नाहीस?' या वाक्यात उत्तर, जबाब, प्रतिसाद, रिप्लाय यांतला एकही शब्द बसत नाही. एका अक्षराचा शब्द, पण 'मी इथे आहे, तुझं ऐकलं' एवढं सगळं सांगणारा.

आमच्या घरी मोठ्यांच्या हाकेला 'ओ' म्हणायचं आणि आजोबांनी हाक मारली तर 'जी'. नुसतं 'काय?' म्हटलं की आई रागवायची. तुमच्याकडे, कोकणात, वऱ्हाडात, खानदेशात, हाकेला काय म्हणतात? कुणाच्या हाकेला काय, तेही लिहा.