वऱ्याचे तांदूळ शोधात सापडत नाहीत, आणि तिप्पट केलेली खिचडी चिकट होते

काचेची_बरणी
घरच्या १२० पाककृतींचं वेबपान करतोय. साधं जावास्क्रिप्ट, सगळा मजकूर एका जेसन फाइलमध्ये (माहिती रकान्यांत मांडणारी साधी फाइल), सर्व्हर नाही. वर शोधाची चौकट आणि ‘किती जणांसाठी’ असा आकडा. अडलंय ते इथे:
‘वऱ्याचे तांदूळ’ शोधलं तर दोनपैकी एकच पाककृती येते. फाइलमध्ये दोन्हीकडे शब्द डोळ्यांना अगदी सारखा दिसतो.
‘२ वाट्या’मधला २ पार्सइंटला (मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) दिला की ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’, मिळतं.
दोन जणांची साबुदाणा खिचडी सहा जणांसाठी केली की सगळं गुणिले तीन होतं. आकडे बरोबर, खिचडीचा मात्र लगदा.
वाटीऐवजी सरळ ग्रॅम दाखवावेत का?

रफार
डोळ्यांना सारखा दिसतो, पण आत वेगळा आहे. मराठीतला हा आडवा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक ऱ (युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ठरलेल्या क्रमांकांत, ०९३१) आणि हलन्त (पाय मोडणारं चिन्ह) देतात. काही साधा र, हलन्त आणि मग २००डी हे न दिसणारं जोडचिन्ह देतात. ब्राउझर दोन्ही सारखेच रंगवतो, तुलना मात्र फसते. एनएफसी नॉर्मलाइज करून (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या पद्धती एका ठरलेल्या जोडरूपात आणून) हे सुटत नाही, कारण जोडचिन्हाला ते हातच लावत नाही.

उपाय: प्रत्येक पाककृतीसाठी शोधाची वेगळी किल्ली (फक्त तुलनेसाठीचं मजकुराचं रूप) बनवा, दाखवायचा मजकूर तसाच राहू द्या. किल्लीत आधी ‘र + हलन्त + २००डी’च्या जागी ‘ऱ + हलन्त’ घाला, मग उरलेली २००सी (न दिसणारं तोडचिन्ह) आणि २००डी काढून टाका, शेवटी एनएफसी. क्रम महत्त्वाचा. जोडचिन्ह आधी उडवलंत तर ‘वर्‍या’चा रफारवाला ‘वर्या’ होतो आणि पुन्हा जुळत नाही. वापरणारा जे टाइप करेल त्यालाही हीच प्रक्रिया लावायची, हे बरेच जण विसरतात.

तसंच ॲ आणि ‘अ + ॅ’. दिसायला एक, युनिकोडच्या लेखी दोन, आणि कुठलंही नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. हातानेच बदला, नाहीतर ‘ॲपल’ शोधणाऱ्याला काही मिळणार नाही.

एकारान्त
रफार यांचं बरोबर आहे, पण १२० पाककृतींसाठी एवढं काटेकोर कशाला? एनएफडी (अक्षर सुट्या भागांत फोडणारं नॉर्मलायझेशन) करा, म्हणजे ऱ फुटून र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) होतो. मग नुक्ता (०९३सी) आणि २००सी, २००डी ही दोन्ही न दिसणारी चिन्हं काढा. सगळेच ‘वर्या’ होतात, विषय संपला. यात ‘आचार्यांना’ (गुरुजींना) आणि ‘आचाऱ्यांना’ (स्वयंपाक्यांना) एक होतात हे कबूल. शब्दकोशाच्या साइटवर ते चालणार नाही, पाककृतींत गुरुजी शोधायला कोणी येत नाही.

एक सावधगिरी. फ्रेंच-स्पॅनिशसाठी लिहिलेला ‘सगळी चिन्हं काढा’ छापाचा कोड उचलू नका. त्यातला ‘पी एम’वाला रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधणारं सूत्र) युनिकोडमधली प्रत्येक ‘मार्क’ खातो, आणि आपल्या काना-मात्रा-वेलांट्या, अनुस्वार, हलन्त सगळे मार्कच आहेत. पोळी, पोळा आणि पळी तिघांचं ‘पळ’ होतं.

आकड्यांचं: जावास्क्रिप्टमध्ये पार्सइंट आणि नंबर फक्त इंग्रजी अंक वाचतात, रेजेक्समधला अंक ओळखणारा ‘\डी’सुद्धा. (पायथनचा इंट मराठी अंक वाचतो, तिथून आलेले इथे हमखास फसतात.) ०९६६ ते ०९६एफ या अंकांच्या कोडमधून ०९६६ वजा केलं की अंक मिळतो. दाखवताना मात्र काही करावं लागत नाही: नंबरफॉरमॅटला (आकडे मांडून देणारी जावास्क्रिप्टची सोय) ‘एमआर-आयएन’ (मराठी) दिलं की अंक आपोआप देवनागरीत येतात. ‘एचआय-आयएन’ (हिंदी) दिलंत तर इंग्रजीच येतात.

आणि जेसनमध्ये ‘२ वाट्या’ अशी अख्खी ओळ ठेवूच नका. नाव, प्रमाण, एकक वेगळे ठेवा. मी प्रमाण ‘पाव’मध्ये पूर्णांकात ठेवतो: दीड वाटी म्हणजे ६, अडीच म्हणजे १०. गुणाकार झाल्यावर जवळच्या पूर्ण पावावर आणायचं आणि शब्दात बदलायचं: पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन. साडे तीनपासून पुढे, दीड आणि अडीच अपवाद म्हणून आधीच तपासा, नाहीतर पान ‘साडेदोन वाट्या’ म्हणेल आणि घरचे हसतील. एककाला लिंग जोडा, कारण अर्धा चमचा, अर्धी वाटी, अर्धं लिंबू. बाकीचे शब्द बदलत नाहीत. अनेकवचन पावणेदोनपासून: दीड वाटी, पण पावणेदोन वाट्या. उत्तर पाव वाटीच्या खाली गेलं तर चमच्यांत न्या.

तुपाची_धार
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोडमध्ये नाही, कढईत आहे. तरी डेटात एक रकाना वाढवा: वाढीचा प्रकार. सरळ (माणसांच्या पटीत), मंद (पटीपेक्षा कमी), स्थिर (बदलतच नाही).

सरळ: साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, मीठ, साखर. मीठ ग्रॅममध्ये ठेवलंत तर उत्तम, बारीक मिठाचा ५ मिलीचा सपाट चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो. जाडं मीठ त्याच चमच्यात कमी बसतं.
मंद: फोडणीचं तेल, मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची. भाजी दुप्पट केली तरी कढईचा तळ दुप्पट होत नाही, म्हणून तेल दीडपट पुरतं. आमटीचं पाणीही इथेच. वाफ भांड्याच्या तोंडातून जाते, आणि ते तोंड तेवढंच राहतं. दुप्पट आमटीला पाणी पावणेदोनपट घालून बघा, दाट वाटली तर शेवटी गरम पाणी.
स्थिर: कुकरच्या तळातलं पाणी (डबे लावून शिजवताना), इडली उकडायची १० ते १२ मिनिटं. चार इडल्या असोत की सोळा, वेळ तोच. कुकरमध्ये डाळ-तांदूळ थेट शिजवत असाल तर पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरू नका. पानावर ही मर्यादा तपासून इशारा दाखवता येईल.

आता खिचडी. तिप्पट साबुदाणा एका कढईत टाकला की थर जाड होतो, खालची वाफ वर निघत नाही, दाणे स्वतःच्याच वाफेत चिकटतात. दोन बोटांपेक्षा जाड थर नको. सहा जणांची खिचडी दोन घाण्यांत करा, फोडणीही दोनदा. पानाने ‘गुणिले तीन’ऐवजी ‘दीडपटीचे दोन घाणे’ असं सांगायला हवं, म्हणजे प्रत्येक पाककृतीला ‘एका घाण्याची कमाल’ हा आकडा लागेल.
भिजवतानाही तेच. उंच पातेल्यात तळाच्या साबुदाण्याचा लगदा होतो आणि वरचा टणक राहतो. पसरट भांडं घ्या, धुवून पाणी दाण्यांच्या जेमतेम बरोबरीने ठेवा, चार-पाच तासांनी दाणा बोटांत चिरडून पाहा. मध्ये कडक कण लागला तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबा. कूट, मीठ, साखर कढईत टाकण्याआधीच साबुदाण्याला चोळा, वरचा ओलावा कूट ओढून घेतं.

डबाबंद
वाटी की ग्रॅम, तर आत (फाइलमध्ये) ग्रॅम आणि बाहेर (पानावर) वाटी. कोणाची वाटी १५० मिली, कोणाची २००. सेटिंगमध्ये ‘तुमची वाटी किती मिलीची’ असं एकदाच विचारा आणि लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरमधली साठवण) ठेवा. पण मिलीवरून ग्रॅम काढायला प्रत्येक जिन्नसाची घनता लागते: एकाच वाटीत तांदूळ बेसनाच्या जवळपास दुप्पट वजनाचे भरतात. ती यादी स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्वतः करा, तीसेक जिन्नसांत काम भागतं.

शोधात समानार्थी शब्दही घाला. वरी, वरई, भगर आणि वऱ्याचे तांदूळ एकच. मात्र सगळीकडे सरसकट अदलाबदल नको: विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, बाकीच्यांसाठी इडलीसोबतचं. त्यामुळे समानार्थी शब्द जिन्नसाच्या नोंदीत ठेवा, पदार्थाच्या नावात नको.

काचेची_बरणी
किल्ली एकारान्त यांच्या पद्धतीने केली, दोन्ही पाककृती आल्या. घाण्याचा रकाना टाकतोय. आणखी एक: पीठ लागलेल्या हाताने सारखा स्क्रीन उघडावा लागतो, आणि पानातला टायमर मागे पडतो.

रफार
स्क्रीनसाठी वेकलॉक (स्क्रीन बंद होऊ न देणारी ब्राउझरची सोय) आहे. फक्त एचटीटीपीएसवर चालतं, आणि टॅब मागे गेला की सुटतं. म्हणून व्हिजिबिलिटीचेंजवर (टॅब पुढे-मागे झाल्याची ब्राउझरची सूचना) पुन्हा मागा. टायमरमध्ये सेटइंटरव्हलचे (ठरावीक वेळाने चालणारं फंक्शन) ठोके मोजू नका, मागच्या टॅबमध्ये ब्राउझर ते मंद करतो. संपण्याची वेळ साठवा आणि दर वेळी आत्ताच्या वेळेशी वजाबाकी करा. फोन लॉक झाला तर तरीही घंटा वाजेलच असं नाही, दूध आटवायला ठेवलंत तर फोनचाच गजर लावा.
आणि शीर्षकांना लेटरस्पेसिंग (अक्षरांमध्ये जादा जागा) दिलं असेल तर काढा, शिरोरेषा तुटते.