बोटीवर नेलेले सिनेमे भर समुद्रात बंद पडतात. पैसे भरणाऱ्याने करायचं काय?

गुहागरचा_दर्यावर्दी:
बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या बोटीवर, थर्ड इंजिनिअर आहे. मागच्या कॉन्ट्रॅक्टला जे झालं ते सांगतो, मग तुम्ही बोला.

घरून निघताना टॅबमध्ये एकतीस सिनेमे भरून नेले. दोन ॲपची वर्षाची वर्गणी भरलेली, सगळं रीतसर डाउनलोड. बायको आणि मी दोन रात्री जागून निवडले होते, त्यातले सतरा मराठी, कारण अख्ख्या बोटीवर मराठी बोलणारा मी एकटाच. ब्राझीलच्या तुबारांव बंदरात लोहखनिज भरलं. बोट जेमतेम दीड दिवस धक्क्याला होती, त्यात जनरेटरचं काम निघालं, किनाऱ्यावर पाय टाकायला मिळाला नाही. तिथून केप ऑफ गुड होपला वळसा घालून चीनला पोहोचायला चाळीसेक दिवस लागतात.

हिंदी महासागरात एका पहाटे बारा ते चारचा वॉच संपवून केबिनमध्ये आलो. इंजिनरूममधून आल्यावर लगेच झोप लागत नाही, कानात आवाज घुमत असतो. अर्धा तास सिनेमा बघायचा आणि मग पडायचं, असा माझा रिवाज. रोलिंगमध्ये टॅब सरकू नये म्हणून खाली रबराची जाळी अंथरतो. बघायला घेतला तर पडद्यावर 'मुदत संपली, इंटरनेटशी जोडा'. दुसरा उघडला, तेच. तिसरा चालला, त्यावर दोन दिवस उरल्याचं लिहिलेलं. आठवडाभरात एकतीसच्या एकतीस गेले. बोटीच्या नेटवर व्हिडिओ ॲप बंद केलेली होती, त्यामुळे नूतनीकरण करायचीही सोय नाही.

फाइल टॅबमध्ये आहे, जागा अडवून बसली आहे, वर्गणी चालू आहे आणि सिनेमा मला बघता येत नाही.

शेजारच्या केबिनमधल्या मोटरमनकडे, म्हणजे इंजिनरूममधल्या खलाशाकडे, दोन टीबीची हार्ड डिस्क होती, कुठून कुठून उतरवलेले शेकडो सिनेमे. त्याचा एकही बंद पडला नाही. मी त्याच्याकडून घेतले नाहीत असं म्हणणार नाही. नऊ घेतले. आणि ते बघताना मला बरं वाटलं नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे की वर्गणीदाराला ऑफलाइन बघायला निदान सहा महिने मिळालेच पाहिजेत. नाहीतर सरळ माणसाला चोरबाजाराच्या दारात तुम्हीच नेऊन उभं करता.

कटिंग_टेबल:
दादा, तुमचा त्रास खरा आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. मी बारा वर्षं एडिटिंगच्या खोलीत काढली आहेत. त्या नऊमधला एखादा आम्ही चार महिने डोळे फोडून कापलेला असू शकतो. मराठी सिनेमाला आधीच शो मिळत नाहीत, मिळाले तर सकाळी दहाचे. दुसऱ्या आठवड्यात तो हार्ड डिस्कवर फिरायला लागला की निर्मात्याच्या हाती उरतं काय?

मुदतीचं म्हणाल, तर ॲपवालेसुद्धा सिनेमाचे मालक नसतात. त्यांनी तो ठरावीक काळासाठी घेतलेला असतो. करार तीन महिन्यांनी संपणार असेल तर ते तुम्हाला सहा महिने कुठून देणार? डाउनलोड म्हणजे भाडं. ग्रंथालयाचं पुस्तक आपण मुकाट्याने परत करतोच ना!

कायदाही बघा. प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. थिएटरमध्ये कॅमेरा लावणाऱ्यांसाठी २०२३ च्या दुरुस्तीने आणखी कडक केलंय, तीन लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड. तुमच्या मोटरमनच्या डिस्कची सुरुवात कुठेतरी अशाच कॅमेऱ्यापाशी झालेली असते.

गुहागरचा_दर्यावर्दी:
डिस्कचं समर्थन मी करत नाही, वर कबूलच केलंय. पण ग्रंथालयाचा दाखला उलटा पडतो. पुस्तक परत करायला उशीर झाला तर मी दंड भरतो. वाचता वाचता पानं कोरी होत नाहीत.

आणि करार तीन महिन्यांत संपणार असेल तर डाउनलोड करतानाच तसं लिहा, मी तो नेणार नाही. ज्यांचा करार दोन-तीन वर्षांचा आहे त्यांना काय अडचण आहे? किनाऱ्यावरच्या माणसाला मुदतीचा पत्ताही लागत नाही, त्याचा टॅब रोज नेटवर असतो. मुदत फक्त आमच्यासारख्यांनाच टोचते, आणि त्याच कामासाठी आम्ही डाउनलोड विकत घेतो.

अनघा_साखरपा:
फक्त बोटीवरच्यांना नाही हो. आमच्या वाडीत घरात रेंज नाही. बाबा दोन वर्षं अंथरुणावर आहेत, टीव्ही दुसऱ्या खोलीत, म्हणून मी त्यांना टॅब घेऊन दिला. पलंगाला लावायचा वाकता दांडा मिळतो, त्यावर बसवलाय, डोळ्यांच्या रेषेत येईल असा. त्यांना जुने तमाशापट लागतात. एकच सिनेमा तीन दिवस पुरवून बघतात, कारण अर्ध्या तासाने डोळा लागतो. आता एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवा, ही अट त्यांना कशी लागू करायची ते मला कुणीतरी सांगावं. तिसऱ्या दिवशी शेवटची वीस मिनिटं गायब. ते काही बोलत नाहीत, नुसते पडद्याकडे बघत राहतात.

मी दर पंधरा दिवसांनी टॅब पिशवीत घालून सड्यावर, वरच्या कातळपठारावर, जाते. तिथे आंब्याच्या झाडाखाली दोन काड्या रेंज येते. एकेक सिनेमा उघडायचा, नवी मुदत चढली की पुढचा. आई म्हणते, टॅबला वारं दाखवून आण. पावसाळ्यात छत्रीखाली उभी राहते. टॅबची तारीख मागे करून बघितली, काही उपयोग झाला नाही.

पैसे आम्ही भरतोय, शहरातल्याएवढेच.

जुना_सारंग:
मी १९८१ पासून तेहेतीस वर्षं बोटीवर होतो, खलाशी म्हणून चढलो आणि बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होऊन उतरलो. माझा आक्षेप दोघांहून निराळा आहे.

आमच्या वेळी सोळा मिलिमीटरची रिळं यायची. जहाजांना परवान्याने सिनेमे पुरवणाऱ्या कंपन्या असत, बंदरात पेट्या बदलून मिळायच्या. शनिवारी संध्याकाळी मेसरूममध्ये चादर ताणायची. प्रोजेक्टर चालवायला इलेक्ट्रिशियन. रीळ तुटलं की तो चिकटवेपर्यंत आम्ही पुढची गोष्ट आपापली रचायचो. अँकरेजला दुसरी बोट दिसली की लाइफबोट घालून रिळांची अदलाबदल. एक सिनेमा मी अकरा वेळा पाहिला असेल, दर वेळी वेगळ्या माणसाशेजारी बसून. मग व्हिडिओ कॅसेट आल्या, तरी बसायचो एकत्रच.

शेवटच्या सात-आठ वर्षांत मेसरूम रिकामी झाली. जेवण झालं की जो तो केबिनमध्ये, दार बंद, कानात बोंडं. एक पोरगा, वीस-एकवीसचा, दोन महिने जेवणापुरता बाहेर यायचा. पुढे त्याला अर्ध्यातून घरी पाठवायला लागलं. आम्हाला उशिरा कळलं, कारण सगळ्यांना वाटायचं पिक्चर बघत असेल. तेव्हा सिनेमाची मुदत किती यापेक्षा तो कुणाबरोबर बघता, याची मला जास्त काळजी वाटते.

गुहागरचा_दर्यावर्दी:
काका, हे वाचून जरा थांबलो. खरं आहे. पण पहाटे सव्वाचारला मेसरूममध्ये मी कुणाबरोबर बसू? आणि माझा मराठी सिनेमा फिलिपिनो फिटर आणि युक्रेनचा सेकंड इंजिनिअर कसा बघणार? केबिनमध्ये तो अर्धा तास माझी भाषा कानावर पडते. दिवसभर इंग्रजीत रीडिंग सांगून झाल्यावर ती मला जेवणाइतकीच लागते.

पिक्सेलवाला:
वाद चालू द्या, पण पुढच्या खेपेसाठी कामाचं थोडं सांगतो.

अँड्रॉइड टॅब घेताना वाइडवाइन एल१ आहे का ते बघा. वाइडवाइन म्हणजे ॲपच्या सिनेमांना कॉपीपासून जपणारं कुलूप, एल१ ही त्याची वरची पातळी. स्वस्त टॅबवर पुष्कळदा एल३ असतं, आणि मग बहुतेक ॲप ४८० पीच्या वर चित्र देत नाहीत, पडदा कितीही चांगला असो. स्वतःच्या फाइल असतील तर व्हीएलसी हा प्लेअर टाका. काही प्लेअरमध्ये डॉल्बीचा आवाज येत नाही आणि लोकांना वाटतं फाइलच बिघडली. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटवर असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जात नाही, एक्सफॅट करून घ्या.

आता मुख्य मुद्दा. २००० च्या सुमारास आपल्याकडे मराठी सिनेमांच्या व्हीसीडी घरोघर होत्या. दोन-तीन तबकड्यांचा संच, दुकानातून पावतीने घेतलेला. व्हीसीडीला कॉपी अडवणारं कुलूप नसतं. संगणकात घातली की एमपीइजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डीएटी फाइल दिसते, ती जशीच्या तशी कॉपी करून व्हीएलसीत लावा, चालते. चित्र ३५२ बाय २८८ चं, दहा इंची टॅबवर धुरकट दिसेल, पण भर समुद्रात मुदत संपणार नाही. डीव्हीडीचं तसं नाही. तिच्यावर कुलूप असतं, आणि ते मोडणं प्रताधिकार कायद्याच्या कलम ६५ए मध्ये अडकू शकतं.

अनघाताई, बाबांना जुने सिनेमे आवडतात तर हेही बघा. आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो, पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' कधीच मुक्त झालाय. १९६४ पर्यंतचं सगळं आता त्यात येतं. त्याला ना वर्गणी लागत ना ४८ तास.

कटिंग_टेबल:
सगळं येतं असं सरसकट म्हणू नका. सिनेमाचा हक्क संपला तरी गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, तो वेगळा मोजायचा. घरी बाबांना दाखवायला कुणी अडवणार नाही, पण लोक हे वाचून यूट्यूबवर चढवायला लागतात.

व्हीसीडीला माझी काही हरकत नाही. पावतीने घेतलेली वस्तू आहे. आम्ही लोक हेच तर म्हणत होतो, की विकत घ्या. पण आता विकायलाच कुणी ठेवत नाही, हेही मला मान्य करावं लागेल. गेल्या पाच वर्षांत मी काम केलेल्या एकाही सिनेमाची तबकडी निघाली नाही. ॲपवरून तो उतरला तर माझ्याकडेही दाखवायला प्रत नाही.

तरी सहा महिन्यांची सरसकट मुदत मला चालणार नाही. अनघाताईंसारख्यांसाठी ४८ तासांची अट काढावी, यावर मात्र माझी सही घ्या.

अनघा_साखरपा:
काढली तर मी सड्यावर पेढे वाटीन.

गुहागरचा_दर्यावर्दी:
कटिंगदादा, तुमची शेवटची ओळ मनापासून घेतली. सरसकट नको तर निदान अशांना द्या ज्यांच्याकडे सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, आहे. ते पुस्तक दाखवून विमानतळावर जादा सामान नेता येतं, मग सिनेमाची मुदत का वाढू नये? आणि २३ डिसेंबर २०२४ पासून सागरी श्रम कराराच्या दुरुस्तीप्रमाणे मालकाने बोटीवर जमेल तितकं इंटरनेट द्यायचं आहे. त्या नेटवर निदान मुदत वाढवून घेण्यापुरता रस्ता मोकळा ठेवा, एवढं कंपनीला लिहून देणार आहे. त्याला लागतो किती डेटा, अगदी नगण्य.

पिक्सेलवाले, तुमचं वाचून काल माळ्यावरची पेटी काढली. वडिलांनी घेतलेले व्हीसीडीचे चौदा संच. तीन तबकड्यांना बुरशी धरली आहे, बाकीच्या कॉपी झाल्या. एका कव्हरवर वडिलांच्या अक्षरात घेतल्याची तारीख आणि किंमत, ९९ रुपये. दुपारभर मी आणि माझी मुलगी तेच करत बसलो होतो.

परवा रात्रीची फ्लाइट आहे, सिंगापूरला जॉइन होतोय.

जुना_सारंग:
सांभाळून जा बाबा. टॅब टीव्हीला जोडायची केबल मिळते ना, ती एक बॅगेत टाक. तमाशापटातलं ढोलकीचं गाणं लावायला भाषा लागत नाही. आमच्या बोटीवर एक पोलिश चीफ इंजिनिअर होता, तो दर शनिवारी तेवढं एक रीळ मागून घ्यायचा.