एक्स-रे साफ, ऑक्सिजन ९८, तरी अण्णांचा श्वास एवढा खोल का?

कृष्णाकाठ
अण्णांचं वय ६६, मधुमेह जुना, वर्षभर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढतंय. परवा रात्री श्वास खोल आणि भराभर चालायला लागला. न्यूमोनिया असेल म्हणून दवाखान्यात नेलं, तर एक्स-रे साफ, ऑक्सिजन ९८, ताप नाही, कीटोनही (मधुमेह बिघडला की साठणारी आम्लं) नाहीत. मनगटातून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची आणि आम्लाची तपासणी, केली: पीएच ७.३०, कार्बन डायऑक्साइड २५, बायकार्बोनेट १२. डॉक्टर म्हणाले, "किडनीमुळे रक्तात ॲसिड साठलंय, फुफ्फुसं चांगली आहेत." मग दम कशाचा? शेजारचे काका म्हणतात, श्वास रोखायचा प्राणायाम करून घ्या आणि आंबट बंद करा.

रात्रपाळी
दादा, मी आयसीयूत सिस्टर आहे. आधी हे ऐका: अण्णांना श्वास अजिबात रोखायला लावू नका. तो खोल श्वासच सध्या त्यांचं रक्त सांभाळतोय.

रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लाचं माप, ७.३५ ते ७.४५ मध्ये राहावा लागतो; आम्ल वाढलं की हा आकडा खाली येतो. शरीरात आम्ल दोन प्रकारचं तयार होतं. एक कार्बन डायऑक्साइडचं, दिवसाला १५,००० मिलिमोलच्या आसपास. ते श्वासावाटे निघून जातं. दुसरं प्रथिनांमधल्या गंधकापासून वगैरे होतं, वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ मिलिइक्विव्हॅलंट. साठ किलोच्या माणसात ६० म्हणजे पहिल्यापुढे काहीच नाही. पण ते वायू होऊन उडत नाही. ते बाहेर काढणं फक्त किडनीच्या हातात असतं.

किडनी ते कसं काढते? अमोनिया तयार करते, आम्लातला हायड्रोजन त्याला बांधते आणि लघवीत सोडते. त्या बदल्यात रक्ताला नवं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, मिळतं. शिवाय गाळलेलं बायकार्बोनेट, रोजचं ४,००० मिलिमोलच्या वर, जवळजवळ सगळं परत घेते. किडनीची ताकद घटली की अमोनिया कमी पडतो, आम्ल मागे राहतं आणि बायकार्बोनेट त्याला मारता मारता संपत जातं. अण्णांचं २४ च्या जागी १२ झालंय ते असं.

पीएच ठरतो तो बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या प्रमाणावर. एक खाली गेलं की दुसरंही खाली आणावं लागतं. मेंदूतल्या श्वासकेंद्राला आणि मानेतल्या धमन्यांजवळच्या कॅरोटिड बॉडीला आम्ल वाढलेलं कळतं, आणि काही मिनिटांत श्वास वाढतो. अडॉल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये मधुमेहाच्या कोमात गेलेल्या रुग्णांचा असाच श्वास नोंदवला, म्हणून आम्ही त्याला कुसमाउल ब्रीदिंग म्हणतो. दम्यासारखी शिट्टी नाही, कफ नाही. छाती पूर्ण भरते, पूर्ण रिकामी होते, झोपेतसुद्धा. तोंडाने श्वास घेऊन जीभ कोरडी पडते आणि वाक्य मध्येच तुटतं.

एवढ्या बायकार्बोनेटला कार्बन डायऑक्साइड किती हवा, हिशोब करून बघा. बायकार्बोनेटची दीडपट, अधिक ८. बाराचे १८, अधिक ८, म्हणजे २६. दोनचा फरक चालतो. अण्णांचा आकडा २५. फुफ्फुसं हवं तेवढं काम चोख करतायत. मला भीती वाटते ती हा आकडा ३०, ३५ असा चढायला लागला की. नातेवाईक म्हणतात, "आता शांत झोपलेत." आणि मी धावत डॉक्टरांना बोलावते, कारण बायकार्बोनेट तसंच असताना श्वास मंदावणं म्हणजे माणूस दमला.

सोलापुरी
माझ्या आत्याचं उलटं दिसतंय. जन्मभर चुलीपुढे बसली, आता सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार. कार्बन डायऑक्साइड ६०, बायकार्बोनेट ३४, पीएच ७.३७. बायकार्बोनेट वाढलंय म्हणून काळजी करू का?

रात्रपाळी
ताई, ते किडनीने मुद्दाम वाढवलंय. फुफ्फुसांतून वायू बाहेर पडत नाही, म्हणून किडनीने बायकार्बोनेट राखून पीएच जागेवर आणला. फुफ्फुसं मिनिटांत मदत करतात, किडनीला तीन ते पाच दिवस लागतात. त्यामुळे ३४ बघून आम्ही ओळखतो की हे दुखणं आजचं नाही. ऑक्सिजन मात्र घरी मनाने वाढवू नका, सांगितलाय तेवढाच.

नुसत्या बायकार्बोनेटवरून निदान किती चुकतं याचं मोठं उदाहरण कोपनहेगनचं आहे. १९५२ ची पोलिओची साथ. रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं, डॉक्टरांना वाटलं अल्कलोसिस, म्हणजे रक्तात क्षार जास्त झालाय. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन म्हणाले, नाही, श्वास पुरत नाही म्हणून कार्बन डायऑक्साइड साठतोय. एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून त्यांनी हाताने पिशवी दाबून श्वास दिला आणि ती वाचली. मग वैद्यकीयचे विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. आमचे आयसीयू तिथूनच सुरू झाले, असं मी प्रत्येक नव्या सिस्टरला सांगते.

कृष्णाकाठ
ताई, आता नीट कळलं. सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या सुरू केल्यात. त्याऐवजी घरचा खायचा सोडा चालेल का? लिंबू, शहाळं?

रात्रपाळी
सोडा नको. पदार्थ तोच, पण चमच्याने माप राहत नाही आणि त्यातल्या सोडियमने सूज आणि बीपी वाढतं. गोळ्या मोजून द्या, पायावर सूज दिसली तर लगेच सांगा. लिंबाच्या आंबटपणाने रक्त आंबट होत नाही, सायट्रेटचं शरीर उलट बायकार्बोनेटच करतं. लिंबू पिळा, फक्त वर मीठ नको. शहाळं मात्र पूर्ण बंद. त्यात पोटॅशियम भरपूर, आणि रक्तात आम्ल वाढलं की पोटॅशियम आधीच पेशींतून बाहेर येत असतं. पोटॅशियमचा रिपोर्ट आजच मागून घ्या. डायलिसिस लागेल का, हेही त्याच वेळी विचारा.