आधी चिमटा, मग टायर, सीट-पायंडल शेवटी

१६ किलोची, २६ इंची लोखंडी एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल) हलकी कशी करायची, या प्रश्नाला काहींनी हलकं सीट आणि ॲल्युमिनियमचे पायंडल सुचवलेत. त्यात जेमतेम २००-३०० ग्रॅम जातील.

खरं वजन पुढच्या शॉकअपमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या चिमट्यात आहे. स्वस्तातला स्प्रिंगवाला साधारण अडीच किलोचा, बिनस्प्रिंगचा साधा लोखंडी चिमटा सव्वा किलोच्या आसपास. घेताना तीन गोष्टी जुळवा: फ्रेममधून वर हँडलकडे जाणाऱ्या दांडीचा व्यास (आटे आहेत की नाहीत तेही), डिस्क की व्ही-ब्रेकची (रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची) बैठक, आणि एक्सलपासून चिमट्याच्या खांद्यापर्यंतची (खालचं बेअरिंग बसतं तिथपर्यंतची) उंची. चिमटा आखूड पडला तर हँडल चंचल होतं, वळणावर पायंडल जमिनीला घासतं. बिनआट्याची दांडी कापताना ती स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या भागाच्या) वरच्या काठाखाली ३ मिमी राहू द्या, नाहीतर टोपी आवळूनही बेअरिंगचा खुळखुळा जात नाही.

डांबरी रस्ताच असेल तर २.१ चे गोटीदार टायर काढून १.५ चे गुळगुळीत टाका. जोडीमागे अर्धा किलो सहज वाचतो आणि पायाला लगेच कळतं. पण शेतात जायचं असेल तर हे करू नका, ओल्या काळ्या मातीत ते नुसते घसरतात. पातळ ट्यूबच्या नादी तर लागूच नका. धुऱ्यावरचा बाभळीचा काटा तिला सोडत नाही.

पुढचे तीन गिअर एकावर आणायचे तर आधी पायंडलाजवळच्या दातेरी चकत्या बोल्टच्या आहेत ना बघा, रिबीटच्या सुट्या होत नाहीत.

आणि कॅरिअर राहू द्या, गावात लागतंच.